बाईंची उघडी फांदी

माझे बाबा शिंपी आहेत, पण मला शिवता येत नाही. याला कारण आमच्या शाळेतल्या बाई.

तेव्हा आम्ही आमगावला राहायचो. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाबांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मशीन, कापड कापायचं एक टेबल आणि पडद्यामागे आम्ही तिघं राहायचो ती खोली. शाळेतून आलो की मी बाबांच्या बाजूला बसून सदऱ्यांना बटणं लावायचो. सातवीत असताना एका संध्याकाळी आमच्या इंग्रजीच्या बाई ब्लाउज टाकायला दुकानात आल्या. माझ्या हातात सुई होती. त्यांनी ती पाहिली, मग बाबांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दादा, याच्या हातात सुई देऊ नका. संध्याकाळी माझ्याकडे पाठवत जा."

बाबा चौथी शिकलेले. शाळेतल्या बाई आपल्या दुकानात उभ्या राहून आपल्याला दादा म्हणतात, याचंच त्यांना अप्रूप होतं. दुसऱ्या दिवसापासून मी मशीनच्या जवळ जरी गेलो तरी ते ओरडायचे, "ऊठ तिथून! बाईनं का सांगतलन?"

दहावीपर्यंत मी रोज संध्याकाळी बाईंकडे गेलो. त्या एकट्या राहायच्या. घर लहान, पण समोरची छपरी मोठी होती. तिथे चटईवर आम्ही सात-आठ मुलं बसायचो. बाईंनी आमच्यापैकी कोणाकडूनही कधी काही घेतलं नाही. मी त्यांच्याकडे इंग्रजी शिकलो, अर्ज लिहायला शिकलो, मोठ्या माणसासमोर खुर्चीत कसं बसायचं तेही शिकलो. पुढे कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म त्यांनीच माझ्याकडून भरून घेतला. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. ती पदवी माझ्या नावावर असली तरी मी तिला मनातल्या मनात बाईंचीच समजतो.

बाई ख्रिस्ती होत्या. नाताळ जवळ आला की शाळेच्या आवारातल्या सुरूची एक फांदी त्या मागून आणायच्या आणि छपरीत, बादलीत ओली रेती भरून तिच्यात रोवायच्या. मग आतून बिस्किटांचा जुना डबा यायचा. त्यात त्यांनी हातानं शिवलेल्या वस्तू असायच्या. चांदण्या, घंटा, पाखरं. सगळ्या फेल्टच्या. आम्ही मुलांनी एकेक वस्तू उचलायची आणि फांदीवर टांगायची. मी दरवर्षी लाल पाखरूच घ्यायचो. दुसऱ्या कोणी त्याला हात लावला की मी रडकुंडीला यायचो, आणि बाई म्हणायच्या, "देऊन टाका रे त्याला. त्याचंच आहे ते."

फेल्ट हे विणलेलं कापड नव्हे. ते दाबून केलेलं असतं. त्यात उभा-आडवा धागा नसतो, म्हणून कापलं तरी कडा उसवत नाही. हे मला फार नंतर कळलं.

मी अकरावीत गेलो तेव्हा बाजारात तयार गणवेश यायला लागले आणि बाबांचं दुकान ओस पडलं. आम्ही गोंदियाजवळ मुर्रीला, काकांच्या शेजारच्या घरात राहायला आलो. वाट्याला थोडी धानाची जमीन होती, ती बाबा करू लागले. मशीन छपरीत ठेवलं. मुर्रीहून मी गोंदियाच्या कॉलेजात सायकलनं जायचो.

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन आमगावला गेलो. बाईंनी अर्धा पेढा स्वतः खाल्ला, अर्धा माझ्या तोंडात घातला आणि हसत म्हणाल्या, "आता पुढचे पेढे नोकरीचे हं, बेटा."

त्यांनी ते सहज म्हटलं होतं. मी ते डोक्यात धरून बसलो.

पुढे एम.ए. झालं, बी.एड. झालं. नोकरी काही झाली नाही. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर शिकवतो. जूनमध्ये बोलावतात, मार्चमध्ये सोडतात. दरवर्षी मला वाटायचं, यंदा नक्की होईल आणि मी पेढे घेऊन जाईन. आमच्याकडे गुरूच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत. बाबांनी मला हे लहानपणापासून शिकवलेलं. पाच-सहा वर्षं अशी गेली. मुर्रीहून आमगाव काही लांब नाही. गोंदियाला पॅसेंजरमध्ये बसलं की अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. पण त्या सगळ्या वर्षांत मी एकदाही गेलो नाही. दिवाळीला आणि नाताळला फोन करायचो. बाई विचारायच्या, "कधी येतोस?" मी म्हणायचो, "येतो बाई, जरा स्थिर होऊ द्या."

मागच्या डिसेंबरात आमगावच्या एका जुन्या वर्गमित्राचा फोन आला. बाईंचं घर विकलं गेलं होतं. त्यांना आता नीट दिसत नव्हतं, एकटं राहणं होत नव्हतं. बिलासपूरचा भाचा त्यांना कायमचं घेऊन जाणार होता. पंचवीस तारखेला, संध्याकाळच्या गाडीनं.

मी लगेच बाईंना फोन लावला. आवाज बारीक झाला होता. मला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला. मी म्हटलं, "बाई, मी चोवीसला येतो. सकाळीच येतो."

"ये. या घरातला शेवटचा नाताळ आहे. फांदी लावली आहे मी, पण उघडीच आहे यंदा. उंदरांनी तो डबा कुरतडून टाकला. एक घंटा नाही राहिली की पाखरू नाही." आणि मग घाईनं म्हणाल्या, "तू काही आणू नकोस हं. तू नुसता ये."

फोन ठेवला आणि माझं ठरलं. पेढे नाहीत तर नाहीत, फांदी तरी भरून देऊ. विकतची झगमगीत खेळणी नाही, त्यांच्यासारखी, हातानं शिवलेली. बारा शिवायची. बाराच का, ते मला सांगता येणार नाही. हातात तीन दिवस होते.

बावीस तारखेला तास संपल्यावर मी गोंदियाच्या बाजारात फिरलो. कापडाच्या दुकानांत फेल्ट म्हटल्यावर कोणी मला टोप्यांकडे पाठवलं, कोणी सोफ्यांकडे. शेवटी शाळेच्या सामानाच्या एका दुकानात मिळालं. दुकानदार म्हणाला, "बस यही चार शीट बची हैं भैया. दो लाल, एक हरी, एक सफेद. क्रिसमस है ना, सब कॉन्वेंटवाले उठा ले गए." मी चारही घेतले.

घरी आल्यावर बाबांनी ते हातात घेऊन पाहिलं. अंगठ्यानं चोळलं. खिडकीच्या उजेडात धरलं. "गरम कापड आहे," ते म्हणाले. आमच्याकडे लोकरी कापडाला गरम कापड म्हणतात. "कायले आणला?"

मी सांगितलं. बाईंचं नाव निघालं तसे ते सरळ बसले. "बाई जाऊन राहिल्या का? कायमच्या?" मग म्हणाले, "मंग चांगला झाला पायजे काम."

मी वर्तमानपत्रावर चांदणी, घंटा आणि पाखराचे आकार काढले, कागद कापून ठेवले. फेल्ट मशीनवर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी तासावरून आलो की कापायचं आणि संध्याकाळपर्यंत शिवून टाकायचं, असा हिशेब होता.

तेवीस तारखेला दुपारी दोनला घरी आलो तेव्हा छपरीत जळकट वास येत होता. दोरीवर फेल्टचे तीन तुकडे टांगलेले होते. दोन लाल, सुरकुतलेले, अंगावर लव उठलेली. तिसरा आधीचा पांढरा, पण आता त्यावर लाल पाणी चढून गुलाबी डाग पडले होते. आणि बाबा मशीनजवळ बसून कोळशाच्या इस्त्रीचा तवा ब्लेडनं खरवडत होते. त्यावर हिरवं काहीतरी चिकटलं होतं. हिरवा तुकडा बाजूला पडला होता, आक्रसून पापडासारखा कडक झालेला.

"बाबा, हे का केला?"

"गरम कापड होता ना," बाबा म्हणाले. "भिजवून, इस्त्री देऊन मंगच कापाचा असते, बाबू. नाही त आकार बिघडते. तुले टाइम नाही, मनून मी मनलो..."

ते चूक बोलत नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी कोट, बंडी, जाकीट जे काही गरम कापडाचं शिवलं, ते आधी भिजवून, पाणी देऊन इस्त्री करून मगच शिवलं. जो शिंपी हे करत नाही त्याला ते शिंपीच मानत नाहीत. पण हे फेल्ट लोकरीचं नव्हतं. शाळेतल्या मुलांसाठी बनवलेलं, प्लास्टिकच्या तंतूंचं, स्वस्तातलं होतं. त्यांनी आयुष्यात असं कापड हातात धरलं नव्हतं. ते लोकर समजले, आणि लोकरीला जे द्यायचं ते सगळं त्यांनी मन लावून दिलं. रंग उतरू नये म्हणून टबात मीठसुद्धा टाकलं होतं.

हे सगळं मी आज शांतपणे लिहितो आहे. तेव्हा मला यातलं काही दिसलं नाही. मला फक्त उद्याची सकाळ दिसत होती, आणि बाईंची उघडी फांदी.

घरात मी बाबांशी आमच्या बोलीतच बोलतो. त्या दिवशी माझ्या तोंडून कॉलेजातली मराठी निघाली. मी म्हणालो, "तुम्हाला कळत नाही तर हात कशाला लावता? अडाणी माणसाच्या हातात काही देऊच नये."

आई मळणीवरून येऊन पायरीवर उभी होती. तिच्या केसांत धानाचा भुसा होता. ती म्हणाली, "कोनाले म्हणून राहिला तू?"

बाबा इस्त्रीचा तवा खरवडत राहिले. तवा स्वच्छ झाला तरी खरवडत राहिले.

मी सायकल काढून पुन्हा गोंदियाला गेलो. त्याच दुकानात गेलो, मग आणखी पाच-सहा दुकानांत. फेल्ट कुठेच नव्हतं. एक दुकानदार म्हणाला, "छब्बीस को आना, माल आएगा." अंधार पडायला घरी परतलो. बाबा जेवून आत जाऊन पडले होते. दोरीवरचे तिन्ही तुकडे तिथे नव्हते. ते त्यांनी एका लाकडी फळीखाली सपाट पसरून फळीवर कात्री, इस्त्री आणि धानाचं अर्धं पोतं ठेवलं होतं.

चोवीसच्या सकाळी मी सातला उठलो. पॅसेंजर साडेआठची होती. मी अंघोळ केली, शर्ट घातला आणि छपरीत उभा राहिलो. जावं का? हातात काय घेऊन? फळीखालचे तुकडे मी काढून पाहिले. पूर्वीसारखे नव्हते, पण सरळ झाले होते. आज दिवसभर बसलो तर त्यातून काहीतरी निघालं असतं. मी बाईंना फोन लावला.

"बाई, आज जरा अडचण आली. उद्या सकाळी आलो तर चालेल ना? तुमची गाडी संध्याकाळची आहे."

त्या म्हणाल्या, "आज ये ना."

"काम अर्धं राहिलं आहे बाई. फांदीसाठी आणतोय."

"फांदी उघडी असली तर असू दे रे."

"रिकाम्या हातानं कसा येऊ, बाई?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बरं," त्या म्हणाल्या. "सकाळी ये मग. लवकर ये."

मी शर्ट काढून खुंटीला लावला.

बाबांनी माझं बोलणं ऐकलं असावं. ते बाहेर आले, खडू घेतला, आणि माझे कागदी आकार तुकड्यांवर ठेवून पाहू लागले. कुठे डाग आहे, कुठे कापड पातळ झालं आहे, ते बोटानं चाचपून त्याला वळसा घालत त्यांनी आकार मांडले. मी अर्धा तास बसूनही चार मांडू शकलो नसतो, त्यांनी बारा बसवले. मग कात्री चालवली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मीही काही बोललो नाही. माफी मागायची तर तीच वेळ होती.

मी सुईत दोरा ओवून दोन तुकडे जोडायला लागलो. टाके वाकडे पडत होते. बाबांनी दोन मिनिटं पाहिलं, मग हातातून ते काढून घेतलं. "काज करते तसा टाका घे. कडेनं. सुई वर आली का दोरा तिच्या खालून घे. हं. आता ओढ. एवढा नाही, गोळा होते."

बटणाच्या भोकाला, म्हणजे काजाला, जो टाका घालतात तोच. बटण लावण्यापलीकडे बाबांनी मला शिवणातलं काही शिकवलं ते तेवढंच, वयाच्या तिसाव्या वर्षी. कापूस नव्हता म्हणून आत भरायला त्यांनी कातरणीच्या चिंध्या दिल्या.

दुपारी काका गोठ्याकडे जाताना थांबले. "का गा, एम.ए. झाला, बी.एड. झाला, आता बाहुल्या शिवून राहिला का?"

बाबांनी मान वर न करता म्हटलं, "तुह्या बंडीची बाही उलटी लावून देईन. चाल, निंग."

काका हसत गेले. मलाही हसू आलं, आणि मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

शेवटचं पाखरू बाबांनी स्वतः शिवलं. लाल फेल्ट पुरलं नाही, म्हणून डागाळलेल्या पांढऱ्यातून त्याचं अंग कापलं आणि गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाचे पंख लावले. पंखांना असा टाका घातला की ते किंचित उचलून राहत. खालून फुंकर मारली की हलत. ते त्यांनी बराच वेळ हातात धरून पाहिलं.

"बाईले सांगजो," ते म्हणाले, "हा मी शिवलो मनून."

कालपासून माझ्याशी कामाव्यतिरिक्त बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य होतं.

त्याच सुमारास, सहाच्या आसपास, फोन वाजला. आई आतून म्हणाली, "तुहा फोन वाजून राहिला." स्क्रीनवर बाईंचं नाव होतं. माझ्या हातात अकरावी वस्तू होती, एक चांदणी, अर्धी शिवलेली. मला वाटलं, त्या पुन्हा म्हणतील की तसाच ये, आणि मी पुन्हा नाही म्हणायचं कसं? उद्या सकाळी समोर बसूनच बोलू. मी म्हटलं, "वाजू दे."

तो वाजून बंद झाला. पुन्हा एकदा वाजला. मग वाजला नाही.

पंचवीसला मी पहिल्या पॅसेंजरनं निघालो. बारा वस्तू एका नव्या पिशवीत घातल्या होत्या. बाबांचं पाखरू पंख दुमडू नयेत म्हणून सगळ्यांत वर ठेवलं होतं. आमगावला उतरलो, आमच्या जुन्या दुकानावरून गेलो. तिथे आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बाईंच्या गल्लीत वळलो तेव्हा नऊ वाजायचे होते.

दाराला कुलूप होतं.

मला वाटलं, प्रार्थनेला गेल्या असतील. मी छपरीत गेलो. बादली तिथेच होती, तिच्यात सुरूची फांदी होती. खरंच उघडी होती. बादलीच्या बाजूला एक लाकडी खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवलेली होती. खिडकीतून आत पाहिलं. पलंग नव्हता. भिंतीवर पुस्तकांच्या कपाटाची चौकोनी खूण होती.

शेजारीण अंगण झाडत होती. माझ्याकडे बघून तिनं झाडू टाकला.

"तूच का तो, मुर्रीवाला?"

"हो."

"आता आला का रे, बाबू? गेल्या ना त्या. सकाळी पाचलेच गेल्या. कालच संध्याकाळी भाचा कार घेऊन आला. तिकट पक्का नाही झाला म्हणे, आणि तिकडं दुपारच्या प्रार्थनेले पोचाचा होता. तुले फोन लावला होता मावशीनं. माह्यासमोरच लावला."

मी खिशातला फोन चाचपला.

"काल दिवसभर या खुर्चीवर बसून होती. मी म्हटली, मावशी, पोरगा त उद्या येते म्हणला ना, मंग काऊन बसून राहिल्या थंडीत? त म्हणे, म्हणते उद्या, पण येईल आजच. मी ओळखतो त्याले."

ती आत गेली आणि एक स्टीलचा डबा घेऊन आली. करंज्या होत्या. "तुह्यासाठी ठेवला. म्हणे, आला त तसाच नको जाऊ देजो त्याले."

मी खुर्चीवर बसलो नाही. पायरीवर बसलो. पिशवी मांडीवर होती. शेजारीण म्हणाली, "का आणला होता? टांगून दे ना इथंच." मी फांदीकडे पाहिलं. घर घेणारे लोक दोन दिवसांनी येणार होते. ते आधी ही बादलीच बाहेर फेकणार होते. आणि जिच्यासाठी टांगायचं तीच नाही तर टांगून कोणाला दाखवायचं? मी पिशवीला गाठ मारली.

शेजारणीकडून भाच्याचा नंबर घेऊन फोन लावला. तो चांगला माणूस होता. म्हणाला, "आंटी सो रही हैं भैया, रास्ते में तबीयत बिगड़ गई थी. बाद में कर लेना."

परतीच्या गाडीत मी ठरवलं की घरी जाऊन खरं सांगायचं. बाबांचे पाय धरायचे आणि परवाचंही बोलून टाकायचं. हे मी खरंच ठरवलं होतं.

घरी पोचलो तेव्हा बाबा छपरीत मशीनसमोर बसले होते. मशीनवर कापड नव्हतं. मी चप्पल काढेपर्यंत ते थांबले.

"देल्लास का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. अडाणी म्हटल्यापासून दोन दिवस ज्या माणसानं मान वर केली नव्हती, त्यानं आता ती वर केली होती.

"देल्लो," मी म्हणालो.

"पाखरू?"

"पाखरूच पहिले टांगलन त्यायनं."

"का म्हणे?"

मी म्हणालो, "हात लावून पाहिला पंखाले. म्हणे, हा काही तुहा हात नाही. हा तुह्या बाबाचा हात आहे."

बाबा हसले. मग त्यांनी उगाचच मशीनचं चाक एकदा फिरवलं आणि आतल्या बाजूला तोंड करून आईला मोठ्यानं सांगितलं, "ऐकलास का वो? बाईनं ओळखलन!"

त्यानंतर खरं सांगायला जागा राहिली नाही. माफीलाही राहिली नाही. पिशवी मी माझ्या पेटीत, गुणपत्रिकांच्या फाइलीखाली ठेवली. बाबा पेटी उघडत नाहीत. त्यात कागद आहेत, आणि कागदाला ते हात लावत नाहीत.

बिलासपूरचा पत्ता मला भाच्यानं जानेवारीतच पाठवला होता. पोस्टानं पाठवता आलं असतं. गाडीत बसून एका दिवसात जाऊन येताही आलं असतं. मी ठरवलं, मार्चमध्ये तास संपले की जाऊ. मार्चमध्ये वाटलं, जूनमध्ये नवीन नेमणुकीचं काहीतरी कळेल, मग जाऊ. मी काहीच शिकलो नव्हतो. मधे एकदा बाईंशी फोनवर बोललो. त्यांना ऐकू येत नव्हतं. त्या म्हणत राहिल्या, "कोण? कोण बोलतंय?" आणि मी ओरडून माझं नाव सांगत राहिलो. ऑगस्टमध्ये भाच्याचा मेसेज आला. आंटी नहीं रहीं, एवढंच त्या दोन ओळींत होतं. मी तो तासाला जाताना, सायकल हातात धरून वाचला आणि वर्गात जाऊन शिकवलं.

घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाबांनी विचारलं असतं, मग माझं पाखरू आता कोणाकडे आहे?

आता पुन्हा डिसेंबर आहे. गेल्या रविवारी बाबा मला न सांगता गोंदियाला गेले आणि शाळेच्या सामानाच्या दुकानातून सहा शीट घेऊन आले. दुकानदाराला त्यांनी काय म्हणून विचारलं असेल, मला माहीत नाही. यंदाही फांदीच्या वस्तू शिवून बाईंना बिलासपूरला धाडायच्या, असं त्यांनी आईला आणि काकांना सांगून ठेवलं आहे. काकांना तर ते पाखराची गोष्ट दर चार दिवसांनी सांगतात. काका म्हणतात, "हो गा, बाईनं ओळखलन, मालूम आहे मले," आणि तरीही ते सांगतात.

आज सकाळी ते छपरीत खडू घेऊन बसले होते. मी तासाला निघालो होतो. त्यांनी मला थांबवलं. फेल्टचा एक हिरवा तुकडा दोन्ही हातांवर पसरून, जसं काही तो माझा आहे आणि त्यांच्याकडे नुसता ठेवायला दिला आहे, तसा त्यांनी माझ्यापुढे धरला.

"याले पानी नाही लावाचा ना, बाबू?"

"नाही, बाबा."

"इस्त्री?"

"इस्त्रीही नाही."

"आनि कापू का मी? का तू आल्यावर कापाचा?"

चाळीस वर्षं कात्री धरलेला माणूस मला विचारत होता. आता ते प्रत्येक गोष्टीला विचारतात. रेडिओचं बटण, गॅसची कळ, पोस्टाचा लिफाफा. हात लावायच्या आधी विचारतात.

"कापा बाबा," मी म्हणालो.

त्यांनी कात्री उचलली. मग पुन्हा थांबून म्हणाले, "बारा पुरतील ना बाईले?"

मी म्हणालो, "पुरतील." आणि सायकल काढली.